चार वर्षांची फी, पंधरा वर्षांचे हप्ते

शैक्षणिक कर्जाच्या फाईलमध्ये काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दहावी-बारावीची गुणपत्रकं, सीईटीचा निकाल, कॅप राऊंडचं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचं, अलॉटमेंट लेटर, आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, आठ-अ. तारण असेल तर घराचा उतारा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकनाचा कागद. राष्ट्रीयीकृत बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची ११ सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत, कर्जाच्या टेबलावर गेली. जून ते सप्टेंबर या फायलींचा ढीग हलायचा नाही. मुलाची सगळी कुंडली त्यात असे, घराची सगळी कुंडली त्यात असे. ज्या कॉलेजला ते पैसे जाणार, त्याचा मात्र एकच कागद असे: फीचा तक्ता, खाली शिक्का आणि सही.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तो एकटा कागद माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगा फेडेल का, बाप जामीन राहील का, घराचा उतारा स्वच्छ आहे का, हे आम्ही बारकाईने तपासायचो. हे कॉलेज चार वर्षांत काय शिकवतं, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, हे कुणी विचारत नव्हतं. आम्ही विचारत नव्हतो, सरकार विचारत नव्हतं, आणि बापाला विचारायचं असतं तरी कुणाला विचारावं हे ठाऊक नव्हतं. कॉलेजला पैसे आगाऊ मिळतात. बँकेला व्याज मिळतं, शिवाय जामीन, तारण किंवा सरकारी हमी असते. धोका उरतो तो एकट्या घराचा. महाराष्ट्रातल्या महाग उच्चशिक्षणाचं खरं दुखणं हे आहे असं माझं मत आहे. फी किती, हा प्रश्न मला दुसरा वाटतो.

आधी हिशेब. समजा एका मुलाने इंजिनिअरिंगसाठी दर वर्षी दीड लाख, असं चार वर्षांत ६ लाखांचं कर्ज उचललं. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. त्या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ८ लाख १० हजारांचं झालेलं असतं. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ८,७०० रुपये हप्ता येतो आणि शेवटी १५ लाख ६६ हजार भरून होतात. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर एकूण रक्कम पावणेतेरा लाखांच्या आसपास राहते, पण हप्ता १० हजार ७०० होतो.

आता ज्याला पुण्यात चाकण किंवा हिंजवडीकडे १८ हजारांची पहिली नोकरी लागली आहे, त्याच्या खिशातून खोलीभाडं, डबा, पेट्रोल वजा करा. हप्ता कोण भरतं? गावाकडून बाप भरतो. माझ्या काउंटरला असे वडील महिन्याच्या सात-आठ तारखेला येत. एकांचा मुलगा मेकॅनिकल होऊन एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला होता. ते दुधाचा पगार झाला की यायचे, पाचशेच्या नोटा मोजून द्यायचे आणि पावती घडी घालून टोपीत ठेवायचे. तीन वर्षं आले. एकदाही त्यांनी कॉलेजला दोष दिला नाही. दर वेळी म्हणायचे, "पोराचं नशीब." कॉलेजच्या हिशेबी मात्र तो मुलगा 'उत्तीर्ण' होता, फी पूर्ण वसूल झाली होती, विषय संपला होता.

आणि हे झालं बँकेच्या कागदावरचं कर्ज. शिक्षणाचं कर्ज म्हणून जे आकडे छापले जातात त्यांत खेड्यातलं निम्मं कर्ज दिसतच नसावं, असं मला अनुभवावरून वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. त्याच्या वर साडेसात लाखांपर्यंत जामीन किंवा केंद्राच्या हमी योजनेचा आधार असतो. त्यापुढे तारण लागतं, आणि तिथे शेतकरी अडतो. कर्ज थकलं की सरफेसी कायद्याने घर किंवा प्लॉट ताब्यात घेता येतो. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे, म्हणून बँका ती तारण म्हणून घ्यायला नाखूश असतात. पाच एकर बागायत असलेला माणूस आमच्या कागदावर 'तारण नाही' असा ठरतो. गावठाणातल्या घराला धड उतारा नसतो. मग तो पतसंस्थेत जातो, किंवा बायकोचं सोनं गहाण ठेवतो. सोनेतारण वर्षाच्या मुदतीचं, दर वर्षी व्याज भरून फिरवायचं. त्याला शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही अशी सवलत कुठली? पीककर्ज उचलून पहिल्या वर्षाची फी भरलेले तर मी डझनांनी पाहिले. पैसा शेतात गेलाच नाही, तर मार्चमध्ये तो परत कुठून येणार? ते खातं शेतीचं थकीत म्हणून नोंदलं जातं. त्याखाली गाडलेली कॉलेजची फी कुठल्याही अहवालात येत नाही.

हे असं कसं झालं, याची गोष्ट माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं होती, आणि ऐपत असलेली मुलं देणगी भरून कर्नाटकात जात. त्या निर्णयाला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. माझ्याच शाखेत नंतर आलेले दोन अधिकारी आणि तालुक्यातले कितीतरी पहिल्या पिढीचे इंजिनिअर त्या कॉलेजांतून निघालेले आहेत. सरकारने दार उघडलं, ते चांगलं केलं. चूक पुढे झाली. आत काय चालतं हे बघायला दारावर कुणी ठेवलाच नाही.

१९८७ मध्ये देणगी घेण्याविरुद्ध कायदा झाला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा कमी फीच्या आणि निम्म्या जास्त फीच्या अशी विभागणी करून दिली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती व्यवस्था रद्द केली: संस्थांना फी ठरवू द्या, वाजवी शिल्लकही राहू द्या, नफेखोरी आणि देणगी मात्र चालणार नाही. याच वादातला २००५ चा इनामदार खटला तर महाराष्ट्रातलाच. यातून फी तपासणाऱ्या समित्या आल्या आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. आज आपल्याकडे फीवर नियंत्रण नाही असं म्हणता येणार नाही. पण ते नियंत्रण कशाचं आहे ते पाहा. कॉलेज आपला खर्च दाखवतं, पगार, इमारत, देखभाल. प्राधिकरण त्यातला मान्य खर्च आणि विद्यार्थिसंख्या पाहून फी ठरवतं. खर्च जास्त तर फी जास्त. त्या खर्चातून मुलाच्या हाती काय आलं, हा रकाना त्या हिशेबात नाही. होस्टेल, मेस आणि बस हे त्या मान्य फीच्या बाहेरच राहतात, आणि परगावच्या मुलाला तेच सर्वांत जड जातं.

सरकारी योजनाही याच वळणाने जातात. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते, मागासवर्गीय विद्यार्थ्यांना त्यांच्या योजनेतून मिळते, आणि जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. या शेवटच्या निर्णयाचं मला मनापासून कौतुक आहे. "मुलगी आहे, बी.ए.ला घालू" हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर फार वेळा ऐकलं आहे, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. आता आहे. पण सरकारकडचे पैसे कॉलेजला महिनोन् महिने उशिरा पोहोचतात. मग कॉलेज मुलाकडून आधी पूर्ण फी मागतं, किंवा कोरा चेक घेऊन ठेवतं, आणि तिकडे प्राध्यापकांचे पगार थकतात. या एका बाबतीत संस्थाचालकांची तक्रार खरी आहे.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. चांगली योजना आहे, पण ती मंजूर झाली देशातल्या ८६० संस्थांसाठी, आणि त्या निवडल्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीवरून. आमच्या तालुक्यातला मुलगा ज्या कॉलेजला जातो ते या यादीत नसतं. म्हणजे ज्याला पदवीनंतर नोकरी मिळण्याची खात्री बऱ्यापैकी आहे त्याचा धोका सरकार उचलतं, आणि ज्याचा धोका सर्वांत मोठा तो उघड्यावर राहतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकराच्या जुन्या करपद्धतीत वजावट आहे, तीही तशीच. महिना १८ हजार कमावणाऱ्याला आयकरच लागत नाही, तर वजावट कशातून घेणार?

"मग इतकं महाग कॉलेज घ्यायचंच कशाला?" हा प्रश्न शहरात बसून सहज विचारता येतो. मीही विचारायचो. तालुक्याच्याच कॉलेजात बी.एस्सी. करा, दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निक करा, डिप्लोमा झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, एका वर्षाची फी वाचते, हे मी कितीतरी पालकांना समजावलं. एकदा एका माणसाने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमचा मुलगा कुठं शिकला?" माझा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला. मी गप्प बसलो. तो माणूस मला टोचत नव्हता. ज्याला वाट ठाऊक आहे तो स्वतः कोणत्या वाटेने गेला, एवढंच त्याला हवं होतं.

पालक फक्त प्रतिष्ठेपायी कर्ज काढतात, असं जे बोललं जातं ते अर्धवट आहे. गावात "नंबर कुठं लागला?" हा प्रश्न प्रत्येक दारात विचारला जातो, आणि त्याला 'पुणे' हे उत्तर देता यावं असं वाटतं, हे खरं. पण त्याखाली भीती आहे. शेतीत दोन भावांचं भागत नाही, हे त्याने स्वतःच्या घरात पाहिलेलं असतं. आपण मागे राहिलो ते शिकलो नाही म्हणून, असं त्याला मनातून वाटतं. अशा माणसाला आपण निर्णयासाठी काय देतो? एसटी स्टँडवरचे फ्लेक्स. त्यावर पाच चेहरे, त्यांची पॅकेजं, मध्ये संस्थापकांचा फोटो. उरलेल्या साडेतीनशे मुलांचं काय झालं ते कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. २०१० नंतरच्या दशकात राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, काही कॉलेजं बंद पडली. त्यांत अडकलेल्या मुलांचे हप्ते मात्र बंद पडले नाहीत. आता गर्दी कॉम्प्युटरकडे वळली आहे, आणि २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने चांगल्या म्हणून गणल्या गेलेल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाही काढून टाकली. आज कॉम्प्युटरला जागा घेणारा मुलगा चार वर्षांनी केवढ्या गर्दीत बाहेर पडणार आहे, हे त्याच्या बापाला कोण सांगणार?

पदवीनंतर नोकरी नाही म्हटल्यावर पुढचा टप्पा पुण्यातली सदाशिव पेठ, नवी पेठ. अभ्यासिकेची फी, कॉट बेसिस, एमपीएससीचा क्लास. या वर्षांसाठी कर्ज नाही, आणि जुन्या कर्जाचा हप्ता तर सुरू झालेला. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत नोकरी नसलेल्या काळापुरता हप्ता थांबवण्याची सोय आहे. शाखेत जाऊन लेखी अर्ज करावा लागतो. हे माहीत असलेला कर्जदार मला क्वचितच भेटला, आणि आमच्यापैकी किती जण ते आपणहून सांगत होते, असं विचाराल तर थोडेच. खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं की मुलाचा सिबिल खराब होतो, आणि उद्या त्याला दुचाकीचं कर्जही मिळत नाही.

याच महाराष्ट्रात एकेकाळी धोका उलट्या दिशेने वाहत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवण मिळावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मंगळसूत्रसुद्धा. संस्था चालवणाऱ्या घराने स्वतःचं सोनं पणाला लावलं, शिकणाऱ्या मुलाच्या आईने नव्हे. मुलाच्या वाट्याला काम होतं, कमवा आणि शिका. आजच्या प्रत्येक संस्थाचालकाने तसं करावं अशी माझी मागणी नाही. पण ज्याला मुलाच्या शिक्षणातून पैसा मिळतो, त्याचा काहीतरी हिस्सा त्या मुलाच्या भवितव्यात अडकलेला असावा, एवढं मागायला आपण का कचरतो?

माझं म्हणणं ठोस आहे. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना प्रत्येक कॉलेजच्या कोडसमोर एक पान उघडलं पाहिजे. त्यावर चार वर्षांचा पूर्ण खर्च, होस्टेल-मेस-बससकट. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीत किती मुलं होती, किती चार वर्षांत पास झाली, किती कामाला आहेत, आणि सगळ्यांचे पगार ओळीने लावले तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार किती. सर्वांत मोठं पॅकेज छापायला बंदी नको, पण या मधल्या आकड्याशिवाय ते छापता येऊ नये. आणि ही माहिती कॉलेजच्या तोंडच्या दाव्यावर नसावी, तिची तपासणी व्हावी. फी ठरवताना प्राधिकरण हिशेबाच्या वह्या तपासतंच, त्यात हेही तपासावं.

दुसरं, कर्जातून आलेल्या फीचा दहावा हिस्सा कॉलेजने वेगळ्या निधीत ठेवावा. पास झालेला मुलगा ठरावीक कमाईपर्यंत पोहोचेपर्यंत त्याच्या व्याजाचा भार त्या निधीवर. तो पोहोचला की पैसे कॉलेजचे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून हप्ता उत्पन्नाशी बांधला, कमाई ठरावीक पातळीवर गेल्यावरच तो आयकराबरोबर कापला जातो. आपल्याकडे बहुतेकांची पहिली नोकरी आयकराच्या टप्प्यातच नसते, म्हणून ती रचना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण कमाई नसताना हप्ता नाही, हे तत्त्व आपल्या बँकांना पेलण्यासारखं आहे.

संस्थाचालक म्हणतील, नोकऱ्या आम्ही निर्माण करत नाही, मंदी आली तर आम्ही काय करायचं? बरोबर आहे. म्हणूनच मी दहावा हिस्सा म्हणतो, पूर्ण नाही. मंदीचा भार कॉलेज, बँक, सरकार आणि घर अशा चौघांनी वाटून घ्यावा, आज तो एकटं घर उचलतं. दुसरी शंका जास्त गंभीर आहे: असं केलं तर कॉलेजं कच्च्या मुलांना नाकारतील. कॅपच्या जागांवर त्यांना तसं करता येत नाही, प्रवेश गुणवत्तेच्या यादीने होतात. व्यवस्थापन कोट्यात तो धोका आहे, पण त्या जागांना फीमाफीसुद्धा नाही. आणि हा दहावा हिस्सा खर्च म्हणून दाखवून फीत परत चढवायला प्राधिकरणाने परवानगी देऊ नये. नाहीतर तो बापाच्याच खिशातून जाईल.

यंदा जूनमध्ये माझ्या भाच्याच्या मुलीचा फॉर्म भरायला बसलो. तिने निवडलेल्या पाच कॉलेजांना मी फोन केले आणि सगळ्यांना तेच विचारलं: होस्टेलसकट चार वर्षांचा खर्च, चार वर्षांत सगळे विषय सुटणारी मुलं किती, गेल्या वर्षी कामाला लागलेली किती, मधला पगार किती. दोघांनी समक्ष भेटायला बोलावलं. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लेक्सचाच फोटो पाठवला. चौथ्याने फोन ठेवला. पाचव्या ठिकाणी ऑफिसातल्या बाईंनी जरा थांबायला सांगितलं, रजिस्टर काढलं आणि आकडे वाचून दाखवले. आकडे फार मोठे नव्हते. "काका, सगळ्यांना लागत नाही नोकरी, खरं सांगते," असं त्या म्हणाल्या. ते कॉलेज यादीत आमच्या चौथ्या क्रमांकावर होतं. संध्याकाळी मुलीने ते वर घेतलं, पहिल्यावर सरकारी कॉलेज ठेवलं आणि दुसऱ्यावर हे.